गोवा चूर्ण ते स्टेरॉइड मलम : गजकर्णाच्या उपचाराचा इतिहास

त्वचेच्या सामान्य विकारांना वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत फारसे स्थान मिळालेले नाही. पटकी, देवी, प्लेग ह्यांसारख्या साथींनी गावे ओस पाडली, सैन्ये माघारी फिरविली, म्हणून इतिहासकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. गजकर्ण, खरूज, इसब ह्यांनी क्वचितच कोणाचा प्राण घेतला; म्हणून ते विकार अभ्यासाच्या कडेला राहिले. परंतु सामान्य माणसाचा औषधाशी जो नित्याचा संबंध येतो तो बहुधा अशाच विकारांच्या निमित्ताने येतो. त्यांसाठी रोगी सहसा लगेच वैद्याकडे जात नाही. तो शेजाऱ्याचा सल्ला ऐकतो, दुकानदारास विचारतो, घरात पूर्वी आणून ठेवलेली डबी शोधतो. ह्यामुळे त्वचाविकारांच्या उपचारांचा इतिहास हा शास्त्राच्या इतिहासाइतकाच बाजाराचा व लोकव्यवहाराचाही इतिहास होतो.

ह्या दृष्टीने गजकर्ण हा विकार विशेष अभ्यसनीय आहे. त्याचे कारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निश्चित झाले. त्यावरील एका प्रसिद्ध औषधास गोव्याचे नाव मिळाले. आणि नेमके औषध हाती येऊन अर्धशतक लोटल्यावर तोच विकार भारतात पूर्वीपेक्षा अधिक चिवट रूपाने पुढे आला. कारण ज्ञात, औषध उपलब्ध, तरीही रोग बळावतो, असे का व्हावे, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या इतिहासात बऱ्याच अंशी सापडते.

१. नावे आणि वर्गीकरण

प्राचीन भारतीय वैद्यकात त्वचेच्या बहुतेक विकारांचा समावेश ‘कुष्ठ’ ह्या एकाच व्यापक वर्गात केलेला आहे. चरक व सुश्रुत ह्या दोन्ही संहितांत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांची सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी विभागणी केलेली आहे. ‘दद्रु’ हे आजच्या गजकर्णाशी सर्वाधिक जुळणारे नाव होय. हिंदीतील ‘दाद’ हा शब्द त्यापासूनच आला. परंतु दद्रूच्या स्थानाविषयी दोन्ही संहितांत एकमत नाही. चरकाने त्यास क्षुद्रकुष्ठांत घातले, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. चरकाच्या वर्णनात कंड, लाली, बारीक पुटकुळ्या व वर उचललेले मंडल ही लक्षणे आहेत. सुश्रुताने त्याच्या पसरत जाण्याच्या स्वभावावर भर दिला आहे. आजही चिकित्सक प्रथमदर्शनी ह्याच लक्षणांकडे पाहतो.

सुश्रुतसंहितेतील आणखी दोन गोष्टींची नोंद करणे आवश्यक आहे. सर्व कुष्ठांत दोषांबरोबर कृमींचाही संबंध असतो, असे तेथे म्हटले आहे. तसेच कुष्ठ हा निकट सहवास, अंगस्पर्श, सहभोजन, एकत्र शय्या, दुसऱ्याने वापरलेली वस्त्रे, माळा व उटणी ह्यांच्याद्वारे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत गणला आहे. ह्यावरून सुश्रुतास कवकांचे ज्ञान होते असे अनुमान काढणे अनैतिहासिक ठरेल. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते ज्ञान शक्य नव्हते. परंतु रोग कपड्यांतून व अंथरुणातून पसरतो, हे निरीक्षण मात्र अचूक होते.

‘कुष्ठ’ ह्या शब्दाच्या व्यापकतेचा एक सामाजिक परिणामही झाला. पुढे हा शब्द मुख्यतः महारोगासाठी रूढ झाला आणि त्या रोगाविषयीचे भय व तिरस्कार त्याला चिकटले. साहजिकच कातडीवरील कोणताही डाग लपविण्याची, आणि तो शक्य तितक्या लवकर दिसेनासा करण्याची, प्रवृत्ती बळावली. ही प्रवृत्ती पुढील विवेचनात पुन्हा आढळेल.

लोकभाषेत गजकर्ण आणि नायटा हे शब्द बहुधा एकाच विकारासाठी वापरले जातात. तथापि कंड सुटणाऱ्या इतर विकारांनाही तीच नावे दिली जातात. वस्तुतः ह्या विकारांची कारणे अगदी भिन्न आहेत. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. जोव्हान्नी कोसिमो बोनोमो ह्या इटालियन वैद्याने १६८७ मध्ये त्याचे वर्णन केले होते, तरी शास्त्रीय जगताची पूर्ण खात्री पटण्यास १८३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॉर्सिकातून पॅरिसला आलेल्या रेनुच्ची ह्या विद्यार्थ्याने रुग्णाच्या कातडीतून सुईच्या टोकाने तो किडा सर्वांसमक्ष काढून दाखविला. इसब हा त्वचेचा दाह असून त्यात संसर्ग हे मूळ कारण नसते. सोरायसिसमध्ये शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे त्वचेच्या पेशी फार वेगाने निर्माण होतात. एरवी सुमारे चार आठवडे चालणारा त्यांचा क्रम काही दिवसांतच पुरा होतो आणि खवल्यांचे थर साचतात. कंड व डाग ही लक्षणे चारही विकारांत असू शकतात, पण एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडतेच असे नाही. कित्येकदा ते अपायकारकही ठरते.

२. कारणाचा शोध

गजकर्णाच्या कारणाचा शोध रोगजंतुशास्त्राच्या इतिहासात फार आधीचा आहे. आगोस्तिनो बास्सी ह्याने १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो असे दाखविले. त्यापासून प्रेरणा घेऊन झुरिच येथील योहान लुकास शेनलाइन ह्याने १८३९ मध्ये डोक्याच्या ‘फेव्हस’ नामक विकाराच्या खपल्यांत कवक असल्याचे एका अगदी छोट्या टिपणात प्रसिद्ध केले. बर्लिनमधील रोबर्ट रेमाक ह्याने हीच रचना १८३७ मध्ये पाहिली होती, परंतु तिचा अर्थ त्याला तेव्हा उमगला नव्हता. पुढे त्याने फेव्हसची लागण स्वतःच्याच हातावर करून पाहिली व त्या कवकास शेनलाइनचे नाव दिले. पॅरिसमध्ये राहिलेल्या दाव्हिद ग्रुबी ह्या हंगेरियन वैद्याने १८४१ ते १८४४ ह्या काळात फेव्हस, डोक्याचे व दाढीचे गजकर्ण ह्यांच्या कवकांचे स्वतंत्रपणे वर्णन केले. ‘ट्रायकोफायटॉन’ हे नाव १८४५ मध्ये स्वीडनच्या माल्मस्टेनने दिले.

ह्या तारखांचे महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. रोबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ मध्ये. म्हणजे मनुष्याचा एखादा रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, ही गोष्ट गजकर्णाच्या बाबतीत त्याच्या सुमारे चार दशके आधी दृष्टीस पडली होती. तरीही तिचा व्हावा तसा परिणाम झाला नाही. कवक हे रोगाचे कारण नसून रोगट कातडीवर मागाहून वाढलेली बुरशी होय, असे मानणारे वैद्य पुढेही बरेच होते. रेमों साबुरो ह्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात विशिष्ट पोषकद्रव्यावर ही कवके वाढवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने वाद जवळजवळ मिटविला.

ह्या कवकांचा स्वभाव समजून घेतल्यास रोगाचे रूप व उपचाराची दिशा दोन्ही स्पष्ट होतात. त्यांचे अन्न म्हणजे केराटिन. हे द्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत स्तरात, केसांत व नखांत असते. म्हणून ही कवके सामान्यतः जिवंत ऊतीत खोलवर जात नाहीत. त्यांच्या वाढीविरुद्ध शरीर दाहाच्या रूपाने प्रतिकार करते. दाहामुळे वरचा स्तर लवकर झडतो व त्याबरोबर कवकही निघून जाते. मध्यभागी हा प्रतिकार यशस्वी होऊन कातडी पूर्ववत दिसू लागते, पण कडेला कवक पुढे सरकत असते. गजकर्णाचे कंकणाकार मंडल तयार होते ते ह्यामुळे. उष्णता, घाम, घट्ट व ओलसर कपडे, दाट वस्ती आणि कपड्यांची अदलाबदल ह्या गोष्टी त्याला पोषक ठरतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत व पावसाळ्यात हा विकार वाढतो, त्याचे कारण हेच होय.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत कवकजन्य रोगांचा प्रश्न अपरिचित नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अध्यापन करणाऱ्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्याने पायाच्या ‘मायसेटोमा’ ह्या विकाराचा दीर्घ अभ्यास केला आणि तो कवकामुळे होतो असे प्रतिपादन करणारा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये टिल्बरी फॉक्स ह्या त्वचारोगतज्ज्ञाने फार्क्वारच्या साहाय्याने १८७२ मध्ये भारतातील त्वचारोगांची माहिती गोळा करण्याची एक योजना इंडिया ऑफिससाठी आखली आणि १८७६ मध्ये त्यावरील ग्रंथ सिद्ध झाला. गोवा चूर्णाची शास्त्रीय चर्चा नेमकी ह्याच वर्षांत झाली.

३. गोवा चूर्ण

भारतात गजकर्णावर वनस्पतिज औषधे फार पूर्वीपासून वापरात होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘आरग्वधीय’ नामक तिसऱ्या अध्यायात बत्तीस लेप सांगितले असून त्यांतील बरेचसे कुष्ठावरील आहेत. बहावा, टाकळा, गंधक ही द्रव्ये अशा लेपांत येतात. पावसाळ्याच्या आरंभी महाराष्ट्रात सर्वत्र उगवणाऱ्या टाकळ्याचे संस्कृत नाव ‘चक्रमर्द’ असे आहे, आणि ‘दद्रुघ्न’ ह्या त्याच्या दुसऱ्या नावात त्याचा उपयोगच सांगितला आहे.

ह्या औषधांच्या जोडीला एकोणिसाव्या शतकात पिवळसर तपकिरी रंगाचे एक चूर्ण गोव्यात व मुंबईत गजकर्णावर प्रसिद्ध होते. ते कशापासून तयार होते हे विकणारे सांगत नसत. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प ह्यांनी १८६४ मध्ये त्याविषयी एक टिपण प्रसिद्ध करून इंग्रज औषधशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, कलकत्त्यात दीर्घकाळ शल्यवैद्य म्हणून काम केलेल्या सर जोसेफ फेरर ह्यांनी गजकर्णावरील त्याच्या गुणाविषयी लंडनमध्ये लिहिले. फेरर ह्यांचा लेख ब्राझीलमधील बाहिया येथे झोझे फ्रान्सिस्को दा सिल्व्हा लिमा ह्या वैद्याच्या वाचनात आला. गोवा चूर्ण म्हणून वर्णिलेला पदार्थ म्हणजे बाहियात ‘अरारोबा’ ह्या नावाने सर्वपरिचित असलेले चूर्णच होय, असे त्याने १८७५ मध्ये कळविले.

अशा रीतीने एक कोडे सुटले. गोव्याचे म्हणून ओळखले जाणारे औषध गोव्याचे नव्हतेच. ते ब्राझीलच्या अरण्यातील एका उंच वृक्षाच्या खोडातून निघत होते. जुन्या खोडाच्या भेगांत व पोकळ्यांत हे चूर्ण साचते. झाड तोडून, खोडाचे तुकडे करून ते खरवडून काढावे लागते. ताजेपणी ते फिकट पिवळे असते व हवेच्या संपर्काने काळसर होत जाते. ते काढणाऱ्या मजुरांचे डोळे व चेहरा त्याच्या धुळीने सुजतात.

हे चूर्ण ब्राझीलमधून भारतात कसे आले, ह्याचे उत्तर पोर्तुगीज साम्राज्याच्या सागरी मार्गांत शोधावे लागते. बाहियाचे साल्व्हादोर हे बंदर १७६३ पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होते आणि लिस्बन व गोवा ह्यांच्यामधील जहाजे तेथे वारंवार थांबत. बाहियाची तंबाखू गोव्यात येई. काजू, पपई, अननस ही अमेरिकेतील झाडेही पोर्तुगीजांमार्फतच ह्या किनाऱ्यावर रुजली. त्यांपैकी फळझाडे इथल्या मातीत वाढली व काही पिढ्यांत इथलीच झाली. अरारोबाचा वृक्ष मात्र इथे आला नाही, केवळ त्याचे चूर्ण आले. आणि ज्या बाजारातून ते पुढे विकले गेले त्या बाजाराचे नाव त्यास चिकटले. वस्तूच्या नावावरून तिच्या उगमाचे अनुमान करणे किती धोक्याचे असते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ॲटफील्ड ह्यांनी १८७५ मध्ये ह्या चूर्णाचे पृथक्करण करून त्यात क्रायसोफॅनिक आम्लाचे प्रमाण फार मोठे असल्याचे सांगितले. लिबरमान व सायडलर ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये ही दुरुस्ती केली की चूर्णातील मुख्य द्रव्य ‘क्रायसारोबिन’ हे असून हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्याचे क्रायसोफॅनिक आम्ल बनते. ह्याच रासायनिक कुळातील द्रव्य टाकळ्याच्या बीजांतही आढळते. म्हणजे चक्रमर्दाचा लेप लावणारा कोकणातील वैद्य आणि अरारोबा चोळणारा बाहियाचा रहिवासी, एकमेकांची वार्ता नसताना, जवळजवळ एकाच जातीच्या द्रव्यापर्यंत अनुभवाने पोहोचले होते.

गोवा चूर्णाचा गुण कशात होता? ते लावल्यावर कातडीची आग होई, ती लाल होई व तिचा वरचा स्तर सोलून निघे. कवकाची वस्ती त्याच स्तरात असल्याने स्तराबरोबर कवकही जाई. शरीर दाहाच्या मार्गाने जे स्वतः करू पाहते त्यासच हे औषध बळ देत होते. त्याचे दोषही उघड होते. कपड्यांना व कातडीला न जाणारे डाग पडत. डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होई. मोठ्या भागावर लावणे धोक्याचे असे. परंतु त्याचा त्रास रोग्यास तत्काळ कळत असे, आणि तो सोसवेनासा झाला की रोगी आपण होऊन थांबे.

४. एका गैरसमजाचा लाभ

गोवा चूर्णाचे सर्वांत दीर्घायुषी कार्य गजकर्णाच्या क्षेत्रात घडले नाही. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर ह्यांनी १८७६ च्या सुमारास असे पाहिले की, गजकर्णावरील म्हणून माहीत असलेले हे चूर्ण सोरायसिसच्या डागांवर लावले असता ते डाग नाहीसे होतात. एका विकारास दुसरा समजण्याच्या गोंधळातून हा उपयोग ध्यानात आला. स्क्वायर ह्यांनी १८७८ मध्ये ह्या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि क्रायसारोबिन युरोपातील सर्व त्वचारोग रुग्णालयांत पोहोचले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्राझीलचा पुरवठा दुर्मिळ झाल्यावर जर्मनीत त्याच्याशी मिळतेजुळते कृत्रिम द्रव्य तयार करण्यात आले. ड्रेस्डेनचे गालेव्स्की व हॅम्बुर्गचे उना ह्यांनी १९१६ मध्ये त्याचा उपयोग वर्णिला. हेच ‘डिथ्रॅनॉल’ होय. लीड्सच्या जॉन इंग्रम ह्यांनी १९५३ मध्ये डांबराचे स्नान, अतिनील किरण व डिथ्रॅनॉल ह्यांची सांगड घालणारी सोरायसिसची उपचारपद्धती मांडली, आणि ती पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली.

ह्या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. निदान चुकले तरी औषध लागू पडू शकते, एवढाच धडा तीतून घेतल्यास तो अपुरा ठरेल. स्क्वायर ह्यांनी डाग गेला एवढ्यावर समाधान मानले नाही. दोन विकार भिन्न आहेत हे ओळखून त्यांनी एकाचे औषध दुसऱ्यावर जाणीवपूर्वक पारखले व त्याचा परिणाम नोंदविला. चुकीचे ज्ञानात रूपांतर झाले ते ह्या पारखीमुळे. पुढील काळात घडलेल्या चुकीस अशी पारख लाभली नाही.

५. नेमक्या औषधाच्या मागावर

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे आर्थर व्हिटफील्ड ह्यांनी सहा टक्के बेन्झोइक आम्ल व तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल ह्यांचे मलम प्रचारात आणले. पहिले द्रव्य कवकाची वाढ रोखते व दुसरे वरचा स्तर सैल करून काढते. स्वस्त व सोपे असल्यामुळे हे मलम जगभर, विशेषतः गरीब देशांतील दवाखान्यांत, रूढ झाले.

डोक्यावरील गजकर्णाचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण कवक केसांच्या मुळांशी असते व मलम तेथवर पोहोचत नाही. साबुरो व न्वारे ह्यांनी १९०४ मध्ये क्ष-किरणांनी केस गाळण्याची रीत सुरू केली. रोग जात असे, म्हणून ती लाखो मुलांवर वापरली गेली. ह्या उपचाराची खरी किंमत फार उशिरा कळली. इस्रायलमध्ये स्थलांतरितांच्या ज्या मुलांवर हा उपचार झाला होता त्यांच्यात पुढे मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढल्याचे १९७४ मध्ये मोदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्राणघातक नसलेल्या रोगासाठी प्राणावर बेतणारा उपाय योजला गेला होता.

खऱ्या अर्थाने नेमके औषध १९५८ नंतर मिळाले. ‘ग्रिसिओफुल्विन’ हे द्रव्य लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक व सिमोनार यांनी १९३९ मध्येच एका बुरशीपासून वेगळे केले होते, पण त्याचा वैद्यकीय उपयोग सुचला नव्हता. ग्लासगोच्या जेंटल्स ह्यांनी १९५८ मध्ये गिनिपिगांना ते खाऊ घालून गजकर्ण बरे केले. लवकरच ते मनुष्यासाठी वापरात आले व क्ष-किरणांचा उपाय मागे पडला. पुढे इमिडॅझोल वर्गातील मलमे आणि टर्बिनाफीन, इट्राकोनॅझोल ही औषधे आली. विसावे शतक संपता संपता गजकर्ण हा सहजसाध्य विकार मानला जाऊ लागला.

६. दाह शमविणारे मलम

ह्याच काळात त्वचेच्या चिकित्सेत एक समांतर क्रांती झाली. न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर व विटन ह्यांनी १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाचा इसबावर उत्तम उपयोग होतो असे दाखविले. त्यानंतरच्या दोन दशकांत बीटामेथासोन व क्लोबेटासोल ह्यांसारखी कितीतरी पटींनी प्रभावी स्टेरॉइडे तयार झाली. इसब, सोरायसिस अशा दाहजन्य विकारांत त्यांनी असंख्य रोग्यांना दिलासा दिला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु जो दाह इसबात हाच रोग असतो, तो गजकर्णात शरीराचा प्रतिकार असतो. गजकर्णावर स्टेरॉइड लावल्यास कंड थांबते, लाली जाते, कड पुसट होते आणि कवक मात्र निर्धास्तपणे पसरते. मलम थांबविताच रोग अधिक जोराने उसळतो. रोगी पुन्हा तेच मलम लावतो. आइव्ह व मार्क्स ह्यांनी १९६८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून ह्या अवस्थेस ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे ओळख हरवलेले गजकर्ण, असे नाव दिले. अशा सेवनाने कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे पांढरट पट्टे पडतात आणि नेहमीचे कंकणाकार मंडल न दिसल्याने निदानही कठीण होते.

भारतात स्टेरॉइड, कवकनाशक व प्रतिजैविक ही तिन्ही एकत्र असलेली मलमे दुकानांतून मोठ्या प्रमाणावर विकली गेली. तिन्ही द्रव्ये असल्यामुळे ते कोणत्याही डागावर चालेल, अशी समजूत होती. निदानाची गरज वाटू नये, हेच अशा मलमाचे आकर्षण होते. बाहेरून लावण्याच्या स्टेरॉइडांना पूर्वी ‘एच’ परिशिष्टाच्या बंधनातून सवलत होती. केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियम बदलून अनेक स्टेरॉइडांची ही सवलत काढून घेतली व वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ती विकण्यास मनाई केली. दरम्यान २०१० नंतरच्या दशकात देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना विस्तीर्ण, वारंवार उलटणारे व संपूर्ण कुटुंबात पसरलेले गजकर्ण मोठ्या संख्येने दिसू लागले होते. अशा रुग्णांतील कवक पुष्कळदा टर्बिनाफीनला दाद देत नाही, कारण ते औषध ज्या विकरावर काम करते त्याच्या जनुकात बदल झालेले असतात. जपानमधील कानो व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या ह्या कवकास ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. त्यानंतर ते अनेक देशांत आढळले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली.

ह्या साथीचे एकमेव कारण स्टेरॉइड मलम होय, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. अपुरा औषधोपचार, दाट वस्ती, घट्ट व कृत्रिम धाग्यांचे कपडे, आणि कवकात घडलेले जनुकीय बदल ह्या सर्वांचा त्यात भाग आहे. परंतु प्रतिकार दडपून रोग दीर्घकाळ अंगावर बाळगण्याची आणि इतरांना देण्याची संधी ह्या मलमाने निर्माण केली, ह्याविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

ह्या संदर्भात आणखी एका नावाचा विचार प्रस्तुत आहे. ब्रिटिश अंमलात जांघेतील गजकर्णास युरोपियन लोक ‘धोबीज इच’ म्हणत. रोग परटाने धुतलेल्या कपड्यांतून येतो, असा त्यात आरोप होता. जांघेत तो होतो तो मुख्यतः तेथील घाम व ओल ह्यांमुळे. आणि संसर्ग घरातील, वसतिगृहातील वा बराकीतील दुसऱ्या रोग्याकडूनही तितकाच येतो. तरीही दोष कपडे धुणाऱ्याच्या माथी बसला व नावात कायम झाला. औषधास बाजाराचे नाव मिळाले, रोगास सेवकाचे मिळाले आणि नव्या कवकास देशाचे. तिन्ही नावे ती गोष्ट प्रथम कोणाच्या नजरेत कोठे आली एवढेच सांगतात. तिच्या कारणाविषयी त्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

७. इतिहासाचा निष्कर्ष

गोवा चूर्ण व स्टेरॉइड मलम ह्या दोहोंची तुलना केली असता असे दिसते की, पहिले कातडीचा दाह वाढवीत होते व दुसरे तो शमविते. रोग्याच्या दृष्टीने पहिले त्रासदायक व दुसरे सुखद. परंतु गजकर्णाच्या बाबतीत पहिले शरीराच्या प्रतिकाराच्या बाजूने होते आणि दुसरे त्याच्या विरुद्ध. ह्यावरून गोवा चूर्णाकडे परत जावे असे सुचविण्याचा हेतू नाही. त्याहून सुरक्षित व गुणकारी औषधे आज उपलब्ध आहेत. सिद्ध होते ते एवढेच की, लक्षण नाहीसे होणे आणि रोग नाहीसा होणे ह्यांत अंतर आहे, आणि हे अंतर विसरले गेले म्हणजे उत्तम औषधही रोगाच्या उपयोगी पडते.

आजच्या चिकित्सेतील नियमांमागेही हाच इतिहास उभा आहे. संशयित डागाच्या कडेची साल खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता कवकाचे तंतू दिसू शकतात. शेनलाइन व ग्रुबी ह्यांच्या काळापासून चालत आलेली ही दृष्टी आजही सर्वांत स्वस्त व जलद आहे. निदान झाल्यावर कवकनाशक औषध डागाच्या पलीकडील निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावावे लागते, कारण कवक दृश्य कडेच्या पुढे गेलेले असते. विकार विस्तृत असल्यास पोटात घेण्याचे औषध वैद्याच्या देखरेखीखाली द्यावे लागते. डाग दिसेनासा झाल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत उपचार चालू ठेवावा लागतो. घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार न झाल्यास रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. टॉवेल व अंतर्वस्त्रे स्वतंत्र ठेवणे, कपडे नीट धुऊन उन्हात पूर्ण वाळविणे आणि अंग कोरडे ठेवणे ह्या सूचना सुश्रुताने वस्त्र व शय्या ह्यांविषयी केलेल्या निरीक्षणाशी जुळतात. स्टेरॉइडमिश्रित मलम गजकर्णावर लावू नये, ही सूचना मात्र आधुनिक काळाची आहे.

डाग लपविण्याची जी प्रवृत्ती ‘कुष्ठ’ ह्या शब्दाच्या भयातून वाढली, तिलाच झटपट डाग पुसणाऱ्या मलमाने आधार दिला. म्हणून गजकर्णाचा प्रश्न केवळ नव्या औषधाच्या शोधाने सुटणार नाही. सामान्य त्वचाविकाराविषयीची लाज जेथे कमी होईल, निदान जेथे परवडेल व मिळेल, आणि दुकानातील डबी ही निदानाची जागा घेणार नाही, तेथेच उपलब्ध औषधांचा पूर्ण उपयोग होईल. गजकर्णाचे कवक शेनलाइन व ग्रुबी ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिल्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. ते ज्ञान रोग्याच्या घरापर्यंत पोहोचविण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे.